हळूबाचं दार

पेंटर खडूने अक्षरांच्या कडा आखायचा आणि हळूबा त्यांच्या आत लाल रंग भरायचा. तीस पाट्या होत्या आणि तिसांवरही एकच मजकूर: ‘घुसखोरांनो, चालते व्हा!’ पत्र्याच्या फटींतून दुपारचं ऊन पाझरत होतं, टर्पेंटाइनच्या वासाने डोळे जड झाले होते, आणि हळूबाचा ब्रश झोपेत चालावं तसा सरकत होता.

तो पेंटरपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. सीमेपलीकडून कागदपत्रांशिवाय आलेला. भाषा मोडकीतोडकी बोलायचा, अक्षर एक वाचता येत नव्हतं. काम इतकं सावकाश की खरं नाव मागेच पडलं. पण रंग कडेबाहेर जाईल तर शपथ!

पाट्यांची ऑर्डर देणारा पुढारी दाराशी उभा होता.

“सगळ्यांना हाकलायलाच पाहिजे,” पेंटर त्याला म्हणाला. त्याचं हे मत ठाम होतं आणि तो ते कुठेही, कुणालाही ऐकवायचा.

“आणि हा तुमचा?” पुढाऱ्याने हनुवटीनेच हळूबाकडे दाखवलं.

“हा? छे हो! हा आपला माणूस.”

पुढारी गेला. हळूबाने ओल्या रंगाला न शिवता अक्षरांवरून हवेतच बोट फिरवलं.

“उस्ताद, काय लिहिलं?”

पेंटरची जीभ रेटेना. “पाहुण्यांसाठी आहे,” तो म्हणाला. “या, आपलंच घर.”

“म्हणून सुंदर दिसतं,” हळूबा म्हणाला. मग चाचरत विचारलं, “थोडा रंग उरेल? बायको येणार. मुलगी येणार. चार वर्षं झाली.”

पेंटरने त्याला न उघडलेला डबाच दिला. देताना त्याला फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी हळूबाच्या बोलावण्यावरून तो फळं घेऊन निघाला. जिना जुना होता. वरच्या काचेतून दुधासारखा उजेड उतरत होता आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. पेंटर तंद्रीतच तीन मजले चढला. समोर हळूबाचं दार होतं.

घुसखोरांनो, चालते व्हा!

लाल अक्षरं, त्यांना पांढरी सावली. काना-मात्रेचा फरक नव्हता. स्वतः पेंटरलाही इतकं देखणं जमलं नसतं.

“चुकलं कुठे?” हळूबाने विचारलं. त्याच्यामागे त्याची बायको पदराआडून हसत होती.

“नाही,” पेंटर म्हणाला.

“दोन दिवस झाले. जिन्यातले लोक वाचतात, हसतात. चांगले लोक.”

उंबऱ्यावर सहाएक वर्षांची मुलगी मांडी घालून बसली होती. दाराकडे पाहत पाहत ती फरशीवर खडूने गिरवत होती. पहिली तीन अक्षरं झाली होती आणि चौथ्याशी ती झटत होती. बापाचाच हात.

“उद्या शाळा,” हळूबा म्हणाला. आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. “पहिला दिवस. बाईंना हेच लिहून दाखवणार.”

पेंटरला ती शाळा दिसली. तो फळा, ते बाक, वळून बघणारी तोंडं. त्याने फळांची पिशवी भिंतीशी टेकवली आणि तो मुलीशेजारी गुडघ्यांवर बसला. तिच्या हातातला खडू त्याने हलकेच काढून घेतला. तिने लिहिलेलं तळव्याने पुसलं. आणि आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं इतकं सावकाश त्याने लिहिलं: या, आपलंच घर.

मुलीने फरशीकडे पाहिलं. मग दाराकडे. मग बापाकडे.

हळूबा वाकला. वाचता येत नसलं तरी अक्षराचं वळण ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची नजर फरशीवरून दारावर गेली आणि दारावरून पुन्हा फरशीवर आली, एकेका अक्षरापाशी थांबत, हळूहळू.

“उस्ताद,” तो म्हणाला, “मग दारावर काय आहे?”

खालून कुणीतरी जिना चढत होतं. पावलं दुसऱ्या मजल्यावर आली, वर वळली, थबकली, आणि हसण्याचा आवाज आला.