धुबरीचा शिक्का

"हा तुकडा कशाला ठेवलाय, रावजी?" शिवलिंगप्पांनी भिंग वर उचलून विचारलं.

शिवलिंगप्पा कापडाचे व्यापारी, पण त्यांचा जीव गुंतलेला जुन्या पाकिटांत. रावजींची वही विकत घ्यायला ते सकाळीच येऊन बसले होते. शंभर वर्षांपूर्वी ब्रह्मपुत्रेवरून आगबोटीनं गेलेल्या टपालाची पाकिटं त्या वहीत होती, आणि त्यांवर वाटेतल्या घाटांचे शिक्के. ग्वालंदो, धुबरी, तेजपूर, दिब्रुगड. सोलापुरात, जिथं उन्हाळ्यात घागरभर पाण्यावरून नळावर हातघाई व्हायची, तिथं बसून या माणसानं अख्खी नदी वहीत जमवली होती. शिवलिंगप्पांना त्याचं हसूही यायचं आणि हेवाही वाटायचा.

धुबरीच्या जुन्या पाकिटाखाली एका पोस्टकार्डाचा फाडलेला कोपरा चिकटवलेला होता. त्यावर धुबरीचाच शिक्का, पण चार वर्षांपूर्वीचा, ऑगस्ट त्र्याहत्तरचा.

रावजी ओशाळले. "शंभर वर्षांनीबी घाट जिता हाय, एवढं दिसावं म्हणून ठेवला. नोकरीत असताना फाडला. एकदाच. चोरीच की ती."

रावजींची उभी नोकरी टपालगाडीच्या डब्यात पत्रं छाटण्यात गेली होती.

"कार्ड कुणाचं होतं?"

"काय ठावं! छाटणारा नाव वाचत न्हाय. हलत्या डब्यात शेवटची ओळ बघायची, गाव दिसलं की टाकायचं खणात. तीस वर्षं सोलापूरचा खण भरला, नाव एकाचंबी वाचलं न्हाय." त्यात त्यांना थोडा अभिमानच होता. "दुसऱ्याचं पत्र तर कधीच न्हाय. हा तुकडासुदिक मागं न बघता चिकटवला."

"बेडा, बेडा, नको," शिवलिंगप्पा म्हणाले. "त्र्याहत्तर सालचं मला नको. आणि एक सांगतो, कोपरा फाडला की माल मेला." त्यांनी बोट ओलं करून तुकडा अलगद सोडवला आणि टेबलावर ठेवला. "संध्याकाळी पैसे घेऊन येतो. पण एवढी जपलेली वही विकता कशाला?"

"महिपतीला हुडकायला जायचंय," रावजी म्हणाले.

महिपती त्यांचा एकुलता मुलगा. मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटला तेव्हा रावजी रागाच्या भरात बोलून गेले होते, "पुन्हा तोंड दाखवू नको." मुलगा बापाचाच. त्यानं ते शब्दशः पाळलं. सहा वर्षं झाली. कुठं गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी पालथा पडून या वहीतल्या घाटांची नावं तो पाढ्यासारखी म्हणायचा. आता रावजी मुंबई, नागपूर, जिथं जिथं गिरणी असेल तिथं जाणार होते, पेपरात फोटो देणार होते. पोस्टमनच्या वेळेला ते रोज दारात उभे राहायचे आणि तो पुढं गेला की आत यायचे.

शिवलिंगप्पा गेले. रावजींच्या पत्नी बजाबाई चुलीपासून उठून दाराशी आल्या.

"वही इकू नगा."

"का गं?"

"कुनाला हुडकनार? पोरगं न्हाय आता."

रावजींना आधी ते कळलंच नाही. बजाबाई खाली बसल्या आणि भिंतीकडं बघत बोलू लागल्या.

"चार वर्सं झाली. घरात गौरी बसल्या हुत्या. तुमी डूटीवरनं यायच्या आदी पोस्टमननं कार्ड दिलं. कोपरा फाटल्यालं."

पुढं सांगायची गरज नव्हती. मरणाची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचा आणि ज्याला आलं त्यानं ते घरात न ठेवता नाहीसं करायचं, ही रीत अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. बजाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण फाटका कोपरा वाचायला शाळा कुठं लागते?

"कुणाकडून वाचून घेतलंस?"

"कशाला? उंबऱ्याभाईर जाळलं आन् डोईवरनं पानी घेतलं. जेऊरची, कुंभारीची आपली समदी नात्यातली मानसं मागनं भेटली की, जिती. मग ऱ्हायलं कोन?"

"मला का न्हाय सांगितलंस, बजा?"

"तुमी रोज दारात हुबं ऱ्हायचा. तेवढं तरी ऱ्हाऊ दे म्हनलं."

चार वर्षं ही बाई एकटीच मुलाला रडली होती, तेही आवाज न करता, शेजारी झोपून. त्यांनी तिचा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते कधीच संपलं असावं.

"त्यो आबा म्हणायचा मला," रावजी म्हणाले. "जाताना तेवढंबी म्हणाला न्हाय."

मग उगाच, काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "कुठला कोपरा फाटला हुता?"

"वरला. तिकिटाचा."

रावजी उठले. टेबलाशी गेले. तुकडा उचलला. खिडकीशी नेऊन त्यांनी तो उलटा केला. फाटलेल्या कडेपर्यंत तीन अर्धवट ओळी होत्या, महिपतीच्या अक्षरातल्या.

'ती. आबांना शिरसाष्टांग'

'मी खुशाल आहे'

'उत्तर न आल्यास'