गॅसवरचा पाव

अमजदने टोस्टची आणखी एक बरणी भरली आणि झाकण दाणकन बसवलं. न खपलेल्या पावाचे टोस्ट करायचे, ही बेकरीची जुनी रीत. पण गेला महिनाभर अख्ख्या पनवेलला पुरतील एवढे टोस्ट होत होते.

"अजून किती टोस्ट करणार?" घरून डबा घेऊन आलेली त्याची बायको खतीजा म्हणाली. "मिस्त्रीला बोलवा आणि लाकडाची भट्टी पुन्हा उघडा. गॅस महाग, गिऱ्हाईक गायब. काय फायदा झाला तुमच्या या गॅसचा?"

अमजद काय सांगणार? फायदा झाला होता, पण तो त्याच्या गल्ल्यात पडत नव्हता. तो समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत पांढऱ्याशुभ्र चादरी होऊन वाळत होता. पूर्वी तिथे कपडे वाळत घातले की त्यांवर अमजदच्या भट्टीची काजळी बसायची. शेवटी त्या इमारतीतल्या रुचिराताई चार बायकांना घेऊन दुकानात आल्या. "अमजदभाई, लेकरांच्या छातीत धूर जातो हो," म्हणाल्या, आणि अमजदला ते पटलं. कुणाची नोटीस नाही, जबरदस्ती नाही. वडिलांनी बांधलेली भट्टी त्याने विटा लावून बंद केली आणि होती नव्हती ती पुंजी घालून गॅसची आणली. तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या रुचिराताईंनीच वाजवल्या होत्या.

आणि आता रुचिराताईच दुकानाच्या पायऱ्या चढत होत्या. खांद्याला कापडी पिशवी. प्लास्टिक त्या हातात धरत नसत.

अमजदचा चेहरा खुलला. "या ताई! लादी आत्ताच निघालीय, गरम आहे. किती पाव देऊ?"

"पाव नकोत. थोडी नानखटाई द्या."

नानखटाई ठेवायला त्यांनी पिशवी उघडली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पावाची लादी होती. कागद सुटला होता आणि पावाच्या तळाला लागलेली राख दिसत होती. अमजदला विचारायची गरजच नव्हती. लाकडाच्या भट्टीचा पाव होता तो, मोहल्ल्यात त्याच्या घरासमोर असलेल्या बेकरीतला.

रुचिराताई जरा ओशाळल्या. "काय करणार भाई, मुलं ऐकतच नाहीत. गॅसच्या पावाला ती चव नाही म्हणतात."

"आणि त्या भट्टीचा धूर, ताई?" अमजदचा आवाज चढलाच.

"तो कुठे आमच्याकडे येतो?" त्या अगदी सहज म्हणाल्या. "नानखटाई ताजी आहे ना?"

त्या पायऱ्या उतरून गेल्या. अमजदच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातला चिमटा त्याने ट्रेमध्ये आपटला आणि खिशातून फोन काढत तो खतीजाकडे वळला.

"तूच बरोबर होतीस. भल्याची दुनियाच नाही राहिली. आत्ता करतो मिस्त्रीला फोन. उद्या पेटवू भट्टी."

महिनाभर हेच ऐकायला टपलेली खतीजा मात्र समोरच्या गॅलरीतल्या चादरींकडे बघत होती. मग तिने आपल्या ओढणीचं टोक नाकाशी नेलं. ओढणी सकाळीच धुतली होती, मोहल्ल्यातल्या घराच्या खिडकीत वाळवली होती, आणि तिला जळक्या लाकडाचा वास येत होता.

"थांबा," ती म्हणाली.