फ्लॉवरवर शिकलेल्या डॉक्टर

"कोणाला पटणार नाय, मॅडम, पण तुम्हाला मेंदूची डॉक्टर मी केलं," गोटीराम खुर्चीत पुढे सरकून म्हणाला. "मालेगावच्या रस्त्याला रडत बसल्या होत्या तुम्ही. परीक्षा तोंडावर, अन् मेंदू काही डोक्यात शिरंना. माझा टेम्पो चाललेला, फ्लॉवर भरून. म्हणलं, पोरी, हा घे गड्डा. उभा चीर अन् आत बघ. अठरा गड्डे चिरले तुम्ही. पहिला नंबर!"

त्याची बायको रंगूबाई हसली नाही. एरवी हसायची. पण महिन्याभरात दोनदा तो मार्केट यार्डात स्कूटर विसरून बसने मखमलाबादला घरी आला होता. त्याच्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी तो स्वतःच्या बायकोला विचारायचा, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

डॉ. दीपमाला निकमांच्या मागे भिंतीवर पदव्यांच्या चौकटी होत्या. मुंबई, बंगळूर, लंडन. वीस वर्षं त्यांनी विसरणारी माणसंच तपासली होती. गोटीरामने साल बरोबर सांगितलं, दोन हजार तीन. कागदावर घड्याळाचं चित्र नीट काढलं. सांगितलेले शब्द पाच मिनिटांनी बिनचूक म्हटले. अडत होतं ते त्याच्या या फ्लॉवरसारख्या गोष्टींपाशी. आठवणीत खड्डा पडला की काही माणसं तो गोष्टीने बुजवतात, आणि ती गोष्ट त्यांना स्वतःलाच खरी वाटते.

"मॅडम, हे रोगानं बोलत्यात का खोडीनं?" रंगूबाईने विचारलं. "तेवढं सांगा. खोडी असली तर अजून चाळीस वर्षं ऐकीन मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"गोटीरामभाऊ, गेल्या मंगळवारी तुम्ही आला होतात की इथे. याच खुर्चीत बसून चहा घेतलात. आठवतंय ना?"

अगदी सहज विचारलं त्यांनी. खड्डा बुजवणारा माणूस यावर लगेच हो म्हणतो. चहात साखर किती होती तेही सांगतो.

गोटीराम खुर्चीत मागे टेकला. डोळे बारीक करून डॉक्टरांकडे बघत राहिला. रंगूबाईने त्याच्या खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हॅट्!" तो म्हणाला. "साफ थाप! मंगळवारी मी घोटीला, मेव्हण्याकडं. तुमचं तर तोंडच आज पहिल्यांदा बघतोय मी!"

रंगूबाई एवढ्या मोठ्याने हसली की बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटनी दारातून डोकावून पाहिलं. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

गोटीरामचं तिकडे लक्ष नव्हतं. तो डॉक्टरांकडे झुकून, हळू आवाजात, समजूत घालत होता.

"एवढं शिकल्या मॅडम तुम्ही, अन् थापेत वार सांगता व्हय? वार सांगितला की माणूस धरला जातो."