परत आणलेला दगड

"दगड परत करायला आलेय," ओलीटा म्हणाली आणि तिने पर्स छातीशी घट्ट धरली.

आर्डिथला त्याचं नवल वाटलं नाही. घळीतून उचललेले दगड लोक परत आणूनच देत. उद्यानाच्या माहिती केंद्रामागे त्यांचा मोठा ढीग साठला होता. ती दर शनिवारी वयस्कर पाहुण्यांना घळीत फिरायला न्यायची. सपाट वाट, मधूनमधून बाक, ओढ्याकाठी झाडांची सावली. पहिल्याच वळणावर ती गोष्ट सांगायची: इथला दगड जो घरी नेईल, त्याच्या घरावर संकट कोसळेल.

गोष्ट तिने स्वतःच रचली होती. 'दगड उचलू नका' अशा पाट्यांना कुणी भीक घालेना, मग करायचं काय? शाप मात्र लगेच लागू पडला.

आज तिघंच होते. ओलीटा, तिचा नवरा वेंडेल आणि आर्डिथ.

"मागे आलो तेव्हाही तुम्हीच होतात," ओलीटा चालता चालता म्हणाली. "तुम्ही शापाचं सांगितलंत आणि हा खो खो हसला. म्हणाला, ओलीटा, खिसे झटक गं!"

"तेव्हा गुडघे दुखत नव्हते," पुढे चालणारा वेंडेल म्हणाला. "हसू यायचं."

"त्याच उन्हाळ्यात आमचा रॉइस गेला. एकुलता एक. डोंगर उतरताना गाडी आवरली नाही त्याला. दफनानंतर मी कोट झटकला, तर खिशात हा दगड. कधी उचलला ते आठवतही नाही हो मला! पण माझ्याच कोटात होता ना? माझ्या हावरटपणापायी पोर गेलं."

लोकांना जरा धाक बसावा, एवढाच आर्डिथचा हेतू होता. एका आईने त्या थापेवर विसंबून इतकी वर्षं स्वतःला पोराची वैरीण समजावं? आजवर ज्या गोष्टीचं तिला कौतुक वाटायचं, तिचीच आता शिसारी आली.

"यानेही हाय खाल्ली," ओलीटा हळू आवाजात म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्या गाड्या हाच दुरुस्त करायचा. रॉइस गेल्यापासून पान्याला हात लावला नाही."

आर्डिथने मनाशी ठरवलं. आज सांगून टाकायचं. फार तर उद्यानवाले हे काम काढून घेतील, घेऊ देत.

बाकावर बसून ओलीटाने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. दगड करडा होता, धारदार कडांचा. आर्डिथने वर पाहिलं. दोन्ही अंगांचे कडे तांबडे, वाटेवरची वाळू तांबडी, ओलीटाचे पांढरे बूटही एव्हाना तांबडे झालेले.

"बाई, हा दगड तर..."

वेंडेल मोठ्याने खाकरला. "ओलीटा, त्या झाडाच्या बुंध्याशी ठेव. तिथे सावली आहे."

ओलीटा काठी टेकत गेली. बुंध्याशी वाकून तिने दगड ठेवला आणि तिथेच उभी राहून काहीतरी पुटपुटत राहिली. तिचे खांदे हलत होते.

"आज झोपेल ती," वेंडेल म्हणाला.

"अशी नको झोपायला!" आर्डिथचा आवाज चिरकला. "तो शाप खोटा आहे. मीच रचलाय. तिचा काही दोष नाही, हे मी तिला आत्ताच्या आत्ता सांगणार आहे. शिवाय तो दगड इथला नाहीच."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"आमच्या दारात खडी पसरलीय. तिच्यातला आहे."

"मग तिच्या कोटात तो कसा..."

झाडापाशी ओलीटा वळली. डोळे पुसत तिने हात हलवला. तिचा चेहरा आता मोकळा दिसत होता. वेंडेलनेही हात हलवला.

"रॉइसच्या गाडीचे ब्रेक मी बसवले होते," तो म्हणाला.