आठ विटा

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले चार दातही आत्ताच्या आत्ता पडतील.

चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट आठवडाभर बंद. भर दुपारी नवरा-बायको जिना चढत होती. तो पुढे, ती मागे. दोघांच्या हातात एकेक कापडी पिशवी, आणि एकेका पिशवीत चार-चार किलो चांदी. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला. डावा पाय पायरीवर ठेवायचा, उजवा ओढून आणायचा, मग दम खायचा.

सकाळी घरून निघाली होती ती सोन्याचं मोठं बिस्किट विकायला. त्या पैशांत तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, तारीखही मिळाली होती. पण सराफानं त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाला, काका, म्हातारपणाच्या पुंजीत नुसतं सोनं नि प्लॅटिनम बरं नाही, जोडीला चांदी हवी. चांदी आता पळणार आहे. झालं. एका बिस्किटाच्या आठ विटा झाल्या आणि ऑपरेशन पुढे गेलं. चांदी चढली की एक सोडून दोन्ही गुडघे करू, असं नवऱ्यानं तिला दुकानातच सांगून टाकलं.

हा माणूस नोकरीभर दुकानदारांचे काटे तपासत आलेला. आजही खिशातून स्वतःची पितळी वजनं काढली, आधी सराफाचा काटा तपासला, मग एकेक वीट तीन-तीनदा चढवली. ती तासभर उभी. ग्रॅमाचाही फरक निघाला नाही. चार मजले चढताना चार किलोचे किती होतात, ते तेवढं त्या काट्यावर दिसलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी दारात बसून काजं करत होता. काय आणलंत, त्यानं विचारलं. बटाटे, असं उत्तर मिळालं. शिंप्यानं पिशवीचे ताणलेले बंद पाहिले.

"शेतासकट उचलून आणलेत काय, काका?"

आणि काकूंची पिशवी घ्यायला उठला. तसा हा मध्ये आला. राहू दे, तेवढाच तिला व्यायाम, म्हणाला. घरात चांदी आहे हे चारचौघांत कळायला नको ना. शिंपी खाली बसला, पण नजर तिच्या गुडघ्यावरून काढली नाही.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिनं बसकण मारली. पिशवी टेकवली तशी अख्खी बिल्डिंग हादरली, तळमजल्यावर कुणाचं तरी दूध सांडलं. तो चार पायऱ्या वर थांबला. आता काय, आलंच घर, म्हणाला. बसलीस की उठवत नाही तुला.

ती गुडघा चोळत राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "अहो, हे सगळं म्हातारपणासाठी ना?"

"मग? आणखी कशासाठी?"

"ते कधीपासून धरायचं?"

त्याला पंचाहत्तरावं चालू, तिची सत्तरी उलटलेली. त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. अजून वेळ आहे, म्हणाला. चांदीला दोन-तीन वर्षं तरी द्यायला हवीत.

"बरं. तुम्ही व्हा पुढे. मी म्हातारी होऊन येते."

तो सावकाश चार पायऱ्या उतरला, तिची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली, तिला दंडाला धरून उठवलं, आणि दोघं खाली निघाली. थेट सराफाकडे. बिस्किट परत आणायला.

बरं बाई, सांगते. तो पायऱ्या उतरला नि ती दोघं खाली निघाली, हे तेवढं माझ्या पदरचं.

तो वर गेला. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग तो परत खाली आला, तिच्या शेजारची पिशवी उचलली आणि वर घेऊन गेला.