सूचकाची सही

सोडतीत प्रभागातली महिलांची राखीव जागा खुली झाली आणि दिवाकररावांना धीर निघेना. पाच वर्षं नगरसेविका होती त्यांची बायको कुंदा, पण कारभार यांचाच. हे कागदावर बोट ठेवायचे, ती तिथं सही करायची.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ते सकाळपासून घरभर येरझारा घालत होते.

"काय करून राहिली वं? माह्या अर्जावर सूचक म्हणून तुही सही लागते. तीन वाजता खिडकी बंद होते तिथली."

"पण मीच उभी राहून राहिली ना."

"आता कशी? जागा खुली झाली!"

"खुली म्हंजे बायाइले बंद काय?"

कुंदानं आपला भरलेला अर्ज त्यांच्यापुढं ठेवला. सूचकाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"तुमी इथं करा सही."