हातावरचं नाव

पुतळाबाईंनी वर्गाच्या दारात पाऊल टाकलं आणि सगळी पोरं त्यांच्याकडे वळली. एकानं आपल्या डाव्या हाताच्या बोटांवर उजव्या हाताचा पंजा आपटला. मग दुसरीनं. मग साऱ्या वर्गानं. ही इथली रामराम घालायची रीत असणार, असं पुतळाबाईंना वाटलं. रामराम अंगावर ठेवणारी बाई ती नव्हे. त्यांनी पाटल्या मागं सारल्या आणि आपल्याही बोटांवर पंजा आपटला, चांगला ठणकावून. वर्ग खिदळला. फळ्याजवळ उभी असलेली त्यांची नात गुड्डी तेवढी हसली नाही.

पुतळाबाई तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला आल्या होत्या. सिल्वासाजवळ अथालला कारखान्याच्या फाटकासमोर त्यांची खानावळ. खानदेशातून आलेले कामगार त्यांच्या भाकरीवर जगत आणि त्यांच्या जिभेला भीत. गुड्डीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सिल्वासाच्या शाळेत तिला बोलायला शिकवतील, असं सून शोभानं सांगितलं होतं. इथं तर भूगोल काय, गणित काय, सगळं हातांनीच चालतं, हे त्यांना कालच कळलं.

"काय ओ मॅडम," त्यांनी वर्गाच्या शिक्षिका केतकीबाईंना गाठलं, "पोरगी बोलायला शिकेल म्हणून धाडली. तुम्ही तर माकडं नाचवताय."

"ती बोलतेच आहे, आजी." केतकीबाई रत्नागिरीकडच्या. आवाज मऊ, पण माघार घेणारा नव्हे.

"मला नका शिकवू. डॉक्टरनं सांगितलंय, हात हलवू दिले तर तोंड उघडायचंच नाही तिचं. मी घरात हात उचलू देत नाही. उचलला की उलथणं बसलंच बोटांवर! आमच्या घराण्यात मुकं कोणी निपजलं नाही."

दाखल्यावर सही करणाऱ्या मोठ्या बाई बाहेर गेल्या होत्या. म्हणून पुतळाबाई बसल्या, बाक आपल्याच बापाचा असल्यासारख्या.

फळ्यावर मधुबन धरणाचा नकाशा होता आणि तो समजावून सांगायची पाळी गुड्डीची होती. गुड्डीनं आजीकडे पाहिलं आणि हात पाठीमागे घेतले. वर्गातल्या, दुधनी गावच्या भावेशनं तिला खुणेनं डिवचलं. मग ते हात हळूच पुढे आले. आणि सुटले.

पाणी डोंगरावरून उतरलं, भिंतीला धडकलं, दारातून उसळलं, पाटानं वळत वळत शेतात शिरलं. पुतळाबाईंना खुणांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पाणी दिसत होतं. भावेशनं मध्येच हरकत घेतली. गुड्डीनं ती दोन बोटांनी उडवून लावली, अशी की पोरं बाकांवर लोळली. घरी ही पोरगी भिंतीशी बसायची, हात फ्रॉकखाली घेऊन, पिठाच्या पोत्यासारखी. आणि इथं? इथं तर तिची जीभ आजीवर गेली होती.

पुतळाबाईंच्या छातीत काहीतरी फुगलं. दाखल्याचं त्या विसरल्या.

"ही पोरं सारखी गालाला बोट लावतात, ते काय?"

"ते माझं नाव." केतकीबाई हसल्या आणि गालाला खळी पडली. "इथं नावं हातांनी ठेवतात, आजी. माणसाचं जे लक्षात राहतं, तेच नाव. भावेशचं जाळं फेकणं. त्याचा बाप मासे धरतो ना."

"अस्सं!" पुतळाबाई सावरून बसल्या. "मग माझंही ठेवलं असेल की तिनं. काय ठेवलंय? पाटल्या? का भाकरी?"

केतकीबाई डस्टर घेऊन फळ्याचा कोरा कोपरा पुसू लागल्या.

"सांगा की. मी काय खाते तुम्हाला?"

"आजी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्ही आलात तेव्हा मुलांनी तुम्हाला नावानंच हाक मारली."

पुतळाबाईंचा उजवा पंजा आपोआप उचलला गेला. डाव्या बोटांवर पडता पडता तो थांबला, तव्यावर उलथणं थांबावं तसा.

त्यांना मान वर करवेना. पोरं त्यांच्याकडे पाहत होती. नाव सगळ्यांना पाठ होतं.

"ते... बदलता येतं का?" हा आवाज खानावळीतल्या कुणी ओळखला नसता.

"येतं. पण ज्यानं ठेवलं, त्यानंच बदलायचं."

शिपाई दारात आला. मोठ्या बाई आल्यात म्हणाला, दाखला कुणाला हवाय? पुतळाबाईंनी त्याच्याकडे न बघता मान हलवली. नको.

मग त्या उठून फळ्याशी गेल्या. गुड्डीनं चटकन हात पाठीमागे लपवले. तिला विचारायचं तर तिच्याच भाषेत विचारावं लागणार होतं. आणि त्या भाषेतला पुतळाबाईंना एकच शब्द येत होता.